रिस्टोरेटिव्ह योग: वर्ग लावावा की घरीच करावा? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी तुलना

लोकल, ऑफिस, घोडबंदर रोड आणि घरचा स्वयंपाक एवढं उरकल्यावर ज्यांना घाम गाळणारा व्यायाम नको वाटतो, ते हल्ली रिस्टोरेटिव्ह योगाची चौकशी करतात. लोड, चादरी, खुर्ची यांचा आधार घेऊन एकाच आसनात दहा-पंधरा मिनिटं स्वस्थ पडायचं, असा हा प्रकार. मी तो वर्गात शिकले आणि आता बराचसा घरी करते. त्यामुळे ओळखीपाळखीतून एकच प्रश्न वारंवार येतो: वर्ग लावू, की घरच्याच उशा-चादरी घेऊन करू?

माझं मत आधी सांगते. बहुतेक जण फी, सामान आणि अंतर बघून ठरवतात. मी सांगेन, आधी शांतता बघा. सलग पाऊण तास तुम्हाला कुणी हाक मारणार नाही, बेल वाजणार नाही, फोन घ्यावा लागणार नाही, अशी जागा आणि वेळ कुठे मिळते ते शोधा. ती घरी मिळत असेल तर सामान जुळवता येतं. घरी मिळत नसेल तर कितीही महागडा लोड आणून उपयोग नाही, आणि मग वर्गाची फी अगदी योग्य ठिकाणी जाते.

आधी हे नेमकं काय आहे

तासाभराच्या सत्रात जेमतेम चार-पाच आसनं होतात. एकेका आसनात पाच मिनिटांपासून वीस मिनिटांपर्यंत राहायचं असतं. नेहमीच्या योगवर्गात ‘अजून थोडं वाका, अजून थोडं’ चालतं. इथे उलट आहे: मांडीच्या आत ताण जाणवला तर मांडीखाली आणखी एक घडी सरकवायची. कुठेही ओढ, कळ, बधिरपणा राहिला तर मांडणी चुकली असं समजायचं. शरीराचा अधांतरी राहिलेला प्रत्येक भाग कशावर तरी टेकला पाहिजे. मान, कोपर, गुडघ्यामागची पोकळी, घोटे, सगळं.

ही पद्धत आपल्या अगदी जवळची आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात योग शिकवायला आले आणि पुढे तिथेच राहिले. आजारी, वयस्क, ताठर शरीराच्या माणसांनाही आसनात टिकता यावं म्हणून त्यांनी दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या आणि लोड यांचा वापर पद्धतशीरपणे बसवला. १९७५ पासून पुण्याच्या रमामणी अय्यंगार संस्थेत तो शिकवला जातो आहे. त्यांच्या अमेरिकन विद्यार्थिनी ज्युडिथ हॅन्सन लॅसेटर यांनी त्यातली विश्रांतीची आसनं वेगळी काढून शिकवली आणि नव्वदच्या दशकात रिस्टोरेटिव्ह हे नाव जगभर पोचलं. म्हणून आपल्याकडे चौकशी करताना ‘अय्यंगार पद्धतीचा वर्ग आहे का’ असं विचारलं तर लवकर उत्तर मिळतं.

ठाण्यात योगाची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. नौपाड्यातलं घंटाळी मित्र मंडळ किंवा अंबिका योग कुटीर यांच्यामुळे इथल्या कित्येक घरांत आई-वडिलांच्या पिढीपासून आसनं, प्राणायाम, शुद्धिक्रिया चालत आल्या आहेत. पण लोड-खुर्च्यांची ही वाट वेगळी आहे. ‘आमच्याकडेही योग शिकवतात’ म्हणजे हेच शिकवतात असं धरून चालू नका.

दोन जवळच्या गोष्टींशी हिची गल्लत होते, तेवढी दूर करते. योगनिद्रा ही मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी रूढ केलेली पद्धत. त्यात शवासनात पडून आवाजामागून जायचं असतं: संकल्प, मग अंगाच्या एकेका भागावर लक्ष, श्वास, मनातली चित्रं. सामान जवळपास लागत नाही, सूचना मात्र सलग चालू असतात. ज्यांना शांततेत पडलं की डोक्यात विचारांचा गोंगाट सुरू होतो, त्यांना सुरुवातीला योगनिद्रा जास्त मानवते. दुसरा प्रकार यिन योग. तोही जमिनीवर, तोही सावकाश, तिथेही लोड दिसतो. पण यिनमध्ये ताण हवा असतो, सांध्यांभोवतीच्या घट्ट ऊतींवर तो तीन-पाच मिनिटं टिकवायचा असतो. थकून गेलेल्या माणसाने ‘आरामाचा योग’ समजून यिनच्या वर्गात नाव घातलं तर दुसऱ्या दिवशी अंग दुखतं आणि वाटतं, आपल्याला योगच सोसत नाही. फोनवर एवढं विचारून घ्या: आसनात ताण जाणवायला हवा की नको? ‘नको’ असं ठाम उत्तर आलं तर योग्य ठिकाणी आलात.

वर्गात काय मिळतं

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शिक्षकांचा हात आणि नजर. आपण आडवे पडल्यावर आपली मान कशी आहे ते आपल्याला दिसत नाही. मला सरळ वाटायची, पण हनुवटी वर गेलेली असायची आणि कपाळ मागे कललेलं. आमच्या ताईंनी मानेखालच्या चादरीची एक घडी उलगडून तीच डोक्याच्या मागे जरा वर सरकवली. बदल असेल दोन बोटांचा. कपाळ हनुवटीपेक्षा किंचित उंच झालं, आणि डोळ्यांमागे दिवसभर धरून ठेवलेलं काहीतरी तिथल्या तिथे सुटलं. मग त्यांनी उजवा पाय बघितला, तो डाव्यापेक्षा जास्त बाहेर पडत होता. घोट्याबाहेर गुंडाळलेला टॉवेल ठेवला. हे सगळं न बोलता, मिनिटभरात. व्हिडिओ बघून हे कळायला मला फार दिवस लागले असते. कदाचित कळलंही नसतं.

दुसरं, सामान तयार असतं. चांगल्या वर्गात माणशी एक लोड, तीन-चार चादरी, दोन ठोकळे, एक पट्टा आणि पाठ नसलेली घडीची लोखंडी खुर्ची मिळते. डोळ्यांवर बांधायला क्रेप बँडेज असतं; अय्यंगार वर्गांत ते डोक्याभोवती हलकेच गुंडाळतात. हे स्वतःचं घेऊन जा, दुसऱ्याच्या घामाचं नको.

तिसरी गोष्ट कुणी जाहिरातीत लिहीत नाही, पण माझ्या मते बायकांसाठी तीच निर्णायक आहे. स्वतःच्या घरात संध्याकाळी पाच वाजता दार लोटून आडवं पडणं बऱ्याच घरांत सोपं नसतं. सासूबाई काळजीने विचारतात, ‘बरं वाटत नाहीये का गं?’ मुलगा दार ढकलून चार्जर शोधायला येतो. नवरा हळूच विचारतो, ‘झोपलीस?’ कुणाच्याच मनात वाईट नसतं. पण प्रत्येक वेळी उत्तर द्यावं लागतं आणि एकदा उत्तर दिलं की ते दहा मिनिटांचं आसन संपलं. त्याऐवजी ‘मी क्लासला चालले’ म्हटलं की घर ते लगेच मान्य करतं. आमच्या मानपाड्याच्या इमारतीतल्या एका वहिनींकडे लोड, चादरी, वेगळी खोली सगळं होतं, घरी आठवडाभरही सलग जमलं नाही. आता त्या आठवड्यातून दोनदा वर्गाला जातात आणि सासूबाईच आठवण करतात, ‘अगं, क्लासची वेळ झाली.’ पडून राहण्यासाठी बाईला घराबाहेर जावं लागतं याचं मला वाईट वाटतं. पण ज्या घरात हे असं आहे, तिथे वर्ग लावणंच शहाणपणाचं.

वर्गात काय अडतं

पहिली अडचण अंतराची. या योगाचा परिणाम वर्ग संपल्यानंतरच्या तासाभरात मुरतो असा माझा अनुभव. वर्गातून उठून लगेच कापूरबावडीच्या सिग्नलला स्कूटरवर अडकायचं, हॉर्न ऐकायचे, आणि घरी पोचेपर्यंत खांदे परत कानांपर्यंत चढलेले. अशाने अर्धं गेलं. माझं गणित साधं आहे. जाण्यायेण्याचा मिळून वेळ वर्गाच्या वेळेपेक्षा जास्त होत असेल तर तो वर्ग कितीही चांगला असो, आठवड्याला एकदाच ठेवा आणि बाकी घरी करा. कासारवडवलीहून नौपाड्यात येणाऱ्याने हे आधीच मोजावं. पाचपाखाडी, राम मारुती रोड, नौपाडा या पट्ट्यात राहणाऱ्यांना चालत जाता येतं, त्यांची गोष्ट वेगळी.

नवी मुंबईत हा प्रश्न त्यामानाने हलका. सिडकोने नोड सेक्टरवार आखल्यामुळे वाशी, नेरूळ, सीवूड्स, खारघरमध्ये रोजच्या गरजेच्या बऱ्याच गोष्टी चालण्याच्या अंतरात येतात, आणि वर्ग आपल्याच नोडमध्ये असेल तर परतताना मोठ्या झाडांच्या आतल्या रस्त्याने दहा मिनिटं चालत घरी पोचता येतं. ते चालणंही विश्रांतीचाच भाग होतं. पण नेरूळचा माणूस खास चांगल्या वर्गासाठी ठाण्याला येणार असेल तर ट्रान्स-हार्बर लाइनवरची गर्दीची वेळ टाळूनच यावं.

दुसरी अडचण बॅचची. एक बॅच संपते न संपते तोच पुढची दाराबाहेर चपला काढत असते. शेवटच्या शवासनातून उठायला घाई झाली तर डोकं जड होतं, चिडचिड होते. शवासनानंतर कुशीवर वळून, मग हाताने रेटा देत उठून, निदान पाच मिनिटं बसायला मिळतं का ते चाचणीच्या वर्गात बघाच.

तिसरी अडचण महिन्याच्या आखणीची. अय्यंगार पद्धतीच्या अनेक वर्गांत आठवड्यांची वाटणी असते: पहिल्यात उभी आसनं, दुसऱ्यात पुढे वाकण्याची, तिसऱ्यात मागे वाकण्याची, आणि चौथ्या आठवड्यात विश्रांतीची आसनं नि प्राणायाम. ती वाटणी शहाणपणाची आहे, शरीराला सगळंच हवं. पण तुम्ही फक्त आधाराच्या विश्रांतीसाठी चालला असाल तर महिन्याची फी भरून मनासारखं एका आठवड्यातच मिळेल, हे आधी माहीत असलेलं बरं. काही ठिकाणी त्याची स्वतंत्र बॅच असते, तीच मागा.

शिवाय शांतता वर्गातही गृहीत धरू नका. खाली दुकान, शेजारी हॉल, वर जिम, असं असेल तर वजनं आपटल्याचा आवाज छतातून येतो. काही ठिकाणी सलग संगीत लावतात. मला ते नको वाटतं. सूर सुरू झाला की मन सुरामागून जातं आणि श्वासाकडे लक्ष राहत नाही. एसीचा झोत थेट अंगावर येत असेल तर तेही वाईट. हालचाल थांबली की शरीर लवकर गार पडतं. म्हणून पावसाळ्यातही पायांत मोजे आणि अंगावर पातळ चादर लागते.

घरी करायचं तर सामान

सामानाच्या बाबतीत मराठी घर अजिबात मागे नाही. आजीच्या काळातली लोड-तक्क्यांची बैठक मोडली असली तरी सोलापुरी चादरी, गोधडी, सतरंजी, पाट, घट्ट उशा अजून निघतात. योगाच्या दुकानातल्या सेटवर लगेच पैसे घालू नका.

एकच वस्तू मुद्दाम करून घ्या: लोड. ऑनलाइन मिळणाऱ्यांपैकी फोमचे लोड हाताला छान लागतात आणि पाठीखाली घेतले की दबतात. पंधरा मिनिटांत छाती खाली जाते, कंबर वर राहते. गल्लीतल्या गादीवाल्याकडे जाऊन कापसाचा, गच्च भरलेला लोड शिवून घ्या. लांबी साधारण दोन फूट, जाडी वीतभर, वरून जरा चपटा, म्हणजे पाठ त्यावर डुगडुगत नाही. गादीवाला सवयीने बसायच्या तक्क्यासारखा गोल भरेल. त्याला उभं राहून सांगा, ‘दादा, झोपायचाय, गोल नको, चपटा करा.’ वर चेन लावलेली वेगळी खोळ शिवून घ्या, धुता येते. फक्त ठाण्याच्या पावसात कापूस ओल धरतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत लोड फरशीवर ठेवू नका, कपाटात वरच्या फळीवर ठेवा आणि उघडीप मिळाली की गॅलरीत ऊन दाखवा.

बाकीचं घरातलं चालतं. पट्ट्याऐवजी सुती ओढणी किंवा पंचा. ठोकळ्याऐवजी एकाच मापाची जाड पुस्तकं, टॉवेलात घट्ट बांधलेली. डोळ्यांवर घडी केलेला मऊ रुमाल. खुर्चीच्या बाबतीत मात्र तडजोड नको: प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर सरकते. लोखंडी खुर्ची, तिच्या पायांखाली चटई, आणि पाठ भिंतीला लावलेली.

नमुन्यासाठी सुप्त बद्धकोनासनाची मांडणी सांगते, कारण घरी एकच आसन करायचं तर मी हेच सुचवेन. लोड चटईवर लांबीने ठेवा. डोक्याकडच्या टोकाखाली ठोकळा सरकवा म्हणजे उतार होईल. लोडाच्या खालच्या टोकाला कंबर लावून बसा. बसणं जमिनीवरच, लोडावर नाही. हातांच्या आधाराने पाठ मागे टेकवा. डोक्याखाली चादरीची घडी इतकी की कपाळ हनुवटीपेक्षा थोडं वर. तळपाय जुळवून गुडघे बाजूला सोडा आणि दोन्ही मांड्यांखाली इतक्या घड्या भरा की मांडीला धरून ठेवायचं काहीच काम उरणार नाही. ओढणी कंबरेमागून घेऊन घोट्यांवरून पावलांखाली नेली, म्हणजे पाय घसरत नाहीत. कोपरांखाली एकेक टॉवेल. पोट, छाती, गळा मोकळा. दहा मिनिटांपासून सुरुवात. पहिली चार-पाच मिनिटं डोक्यात उद्याच्या डब्याची यादी चालू राहील, राहू द्या. श्वास लांबला की यादी आपोआप विरळ होते. कंबरेत कळ आली तर उतार कमी करा किंवा एक पातळ घडी बसण्याखाली घ्या. उठताना सरळ उठू नका, गुडघे हातांनी जवळ घेऊन कुशीवर वळा.

दुसरी मांडणी एका ओळीची: जमिनीवर पाठ, पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर, डोक्याखाली घडी, पोटावर हलकी चादर. दिवसभर उभं राहणाऱ्या शिक्षिका, परिचारिका, दुकानात काम करणाऱ्या मुली यांनी घरी आल्या आल्या एवढं केलं तरी पायांचा ठणका उतरतो.

घरची शांतता कशी मिळवायची

कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. इमारतीत राहणाऱ्याला मात्र आवाज छळतात ते वेगळेच: ड्रिल मशीन, कुकर, इंटरकॉम, इस्त्रीवाल्याची बेल. पंख्याची किंवा पावसाची एकसुरी घरघर अजिबात आड येत नाही, उलट बाहेरचे बारीक आवाज ती झाकते. दचकवणारा अचानक आवाज घात करतो. त्यामुळे सगळी शांतता मिळवण्याच्या मागे न लागता, दचकवणारे आवाज तेवढे काढा.

बेलचा स्विच बंद. इंटरकॉमचा रिसीव्हर बाजूला, किंवा वॉचमनकाकांना सांगून ठेवा की पार्सल खालीच ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत. टायमरसाठी ओट्यावरचं साधं घड्याळ, पण ते कर्कश नको. फ्लॅटमध्ये तोडफोडीची कामं किती ते किती चालतात याचे नियम बऱ्याच सोसायट्यांत ठरलेले असतात, दुपारी मधे सुट्टीही असते; ऑफिसात विचारून तीच वेळ धरा. दुपारी मुलं शाळेत, मोठी माणसं वामकुक्षीत, अशा घरांत तीन ते चार ही वेळ सोन्यासारखी असते. नोकरदारांना रात्री साडेनऊनंतरची. मात्र जेवणानंतर निदान दोन-तीन तास जाऊ द्या, नाहीतर आंबट ढेकर आणि जळजळ. उशिरा जेवणाऱ्यांनी सरळ जेवणाआधी करावं.

घरच्यांशी एकदाच, नीट बोला. ‘मला डिस्टर्ब करू नका’ म्हटलं की मुलांना ते रागावणं वाटतं. ‘साडेसहापर्यंत दार बंद आहे, तोपर्यंत काही लागलं तर बाबांना विचार’ असं सांगितलं तर ऐकतात, कारण त्यात वेळही असते आणि पर्यायही. सासूबाईंना एक दिवस खुर्चीवर पोटऱ्या ठेवून झोपवा. त्यांच्या गुडघ्यांना बरं वाटलं की तुमच्या बंद दाराची राखण त्याच करतील.

गणपती, नवरात्र आणि लग्नसराईत घरी शांततेचा हट्ट सोडा. मंडप अगदी खाली असेल तर त्या दिवसांत पहाटे करा. बरं वाटेल.

ऑनलाइन वर्ग?

मधला मार्ग म्हणून बरा, पण एका अटीवर: शिक्षक तुमच्याकडे बघत असले पाहिजेत, आणि तुम्ही कॅमेरा बाजूने लावला पाहिजे, समोरून नाही, म्हणजे मान आणि कंबर दिसते. शंभर जणांच्या सत्रात आणि नुसत्या व्हिडिओत फारसा फरक राहत नाही. आणि आसनात असताना स्क्रीनकडे मान वळवून बघावं लागत असेल तर अर्थच उरला नाही.

पैशांचं गणित

महिन्याच्या फीला महिन्यातल्या वर्गांनी भागू नका. खरंच जमतील तेवढ्या वर्गांनी भागा, आणि त्यात रिक्षाचे पैसे धरा. नोकरी करणाऱ्याला आठपैकी पाच जमतात असं समजा. घरच्या बाजूला लोड, खोळ, खुर्ची एवढाच खर्च, तोही एकदाच. या हिशोबात घर नेहमीच स्वस्त पडतं. पण कोपऱ्यात उभा राहिलेला, न वापरलेला लोड हा सगळ्यात महाग, हेही त्या हिशोबात धरा.

कुणी वर्गालाच जावं, कुणी आधी डॉक्टरांना विचारावं

पडून राहायचंय, त्यात काय धोका, असं वाटतं. पण इथे आसनात बराच वेळ राहायचं असतं, म्हणून चुकीची मांडणी अंगाला लागते. गरोदर बाईने पहिल्या तीन महिन्यांनंतर सपाट पाठीवर बराच वेळ पडू नये. डाव्या कुशीवर, पोटाखाली आणि गुडघ्यांमध्ये उशी घेऊन पडणं सोयीचं, आणि हे जाणत्या शिक्षकांकडूनच शिकावं. काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल तर डोकं खाली आणि कंबर वर अशी आसनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. नियंत्रणात नसलेल्या रक्तदाबालाही हेच लागू. मासिक पाळीत अय्यंगार परंपरेत विपरीत करणी वगैरे उलटी आसनं टाळतात, सुप्त बद्धकोनासन मात्र चालतं. गुडघा बदललेला असेल, मणक्याची चकती सरकलेली असेल तर पहिले दोन-तीन महिने वर्ग हवाच.

मनाच्या आजारातून जाणाऱ्यांबद्दल जरा थांबून सांगते. खोल उदासीत अंधार, मिटलेले डोळे आणि शांतता ही औषधं नसतात. तेच तेच विचार जास्त घट्ट होतात. अय्यंगार पद्धतीत अशा माणसाला छाती उघडणारी, आधाराने मागे झुकणारी आसनं देतात आणि डोळे उघडे ठेवायला सांगतात. हे घरी एकट्याने व्हिडिओ बघून करू नका. उपचार चालू असतील तर ते थांबवू नका, आणि वर्गात शिक्षकांना हळूच एकट्याने सांगून ठेवा.

मग काय ठरवायचं

घरात एकटे किंवा दोघंच राहता, संध्याकाळचा पाऊण तास हाताशी आहे, तब्येतीची मोठी तक्रार नाही: घरीच करा, फक्त सुरुवातीचा एक महिना वर्गात मांडणी शिकून घ्या. दोन खोल्यांत पाच माणसं आहेत आणि तुम्हीच सगळ्यांच्या हाकेला ओ देता: वर्ग लावा, आणि शनिवार-रविवारची बॅच मिळाली तर आधी ती घ्या. साठीच्या पुढे आहात, उठता-बसताना आधार लागतो: घराजवळचा वर्गच, पायऱ्या नसलेला, तळमजल्यावरचा किंवा लिफ्टवाला. नाइट शिफ्ट करणाऱ्या ऐरोली-महापेकडच्या आयटीवाल्यांना ठरलेल्या बॅचेस जमत नाहीत. त्यांनी सुट्टीच्या दिवशी वर्ग आणि बाकी दिवस झोपेआधी खुर्चीची एकच मांडणी, जाड पडदे ओढून, असं ठेवावं.

वर्ग बघायला जाल तेव्हा तिमाही फी लगेच भरू नका, सवलत कितीही दिली तरी. एका महिन्याची भरा. त्या महिन्यात ताई तुमची मांडणी नीट लावून झाल्या की त्यांची परवानगी घेऊन आसनाचा बाजूने एक फोटो काढून घ्या, आणि कुठल्या घड्या कुठे गेल्या ते वर्ग सुटल्यावर वहीत लिहा: मानेखाली दोन, उजव्या मांडीखाली तीन, डाव्या मांडीखाली दोन. दोन्ही बाजू सारख्या नसतात, तुमच्याही नसतील. घरी पहिल्यांदा मांडताना वही उघडी ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी फोटोशी ताडून बघायला सांगा.